तापाच्या रकान्यात ‘नाही’

मॉरिशसला निघायच्या आदल्या रात्री मी मोबाईलवर आम्हा चौघांचे फॉर्म भरत बसलो होतो. मी, माझी बायको, भाईजान आणि भाभी. भाचा तिकडे नोकरीला. त्याने हट्टाने बोलावलं होतं आणि तिकिटंही त्यानेच काढली होती. पासपोर्टचा नंबर, राहण्याचा पत्ता, परतीची तारीख असं सगळं भरून झालं आणि मग आरोग्याचे प्रश्न आले. अलीकडे ताप आला होता का?

भाईजानना तीन दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता. थर्मामीटरमध्ये १०१. सप्टेंबरचे दिवस, गावात घरोघरी कुणी ना कुणी तापाने पडलेलं. दोन दिवस पॅरासिटामॉल घेतली आणि ते उठून बसले. मी फॉर्ममधला प्रश्न वाचून दाखवला. ते बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाले, “नाही लिही. अंग जरा कोमट होतं, त्याला काय ताप म्हणतात? उगाच विमानतळावर अडकवून ठेवतील. पोराने एवढा खर्च केलाय.”

मी ‘नाही’वर बोट ठेवलं. आयुष्यभर वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर मी, पण बोट जराही थरथरलं नाही. हा लेख त्या एका ‘नाही’बद्दल आहे.

आपल्याकडे परदेशी, विशेषतः एखाद्या गरम हवेच्या बेटावर जायचं म्हटलं की आरोग्याची सगळी चौकशी एकाच बाजूने होते. तिथे डास आहेत का, पाणी चालेल का, डॉक्टर मिळेल का, हलाल जेवण मिळेल का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण तिथे राहणाऱ्यांनाही आपल्याबद्दल एक प्रश्न पडत असेल, हे आपल्या गावीही नसतं. हा माणूस येताना काय घेऊन येतोय? मॉरिशस हा प्रश्न विचारतं आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मुंबईहून विमानाने सहा-सात तासांवरचं हे बेट. मूळचं तिथे हिवताप नव्हता. १८६०च्या दशकात बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर हिवतापाचा डास आणि त्याचा जंतू दोन्ही उतरले. १८६७च्या साथीत माणसं हजारोंनी मेली. पोर्ट लुईसमधून ज्यांना शक्य होतं ते उंचावरच्या थंड भागात पळाले आणि क्यूरपीपसारखी गावं त्यातून वाढली. ज्याने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला, त्या रोनाल्ड रॉसला १९०७ मध्ये मॉरिशसने मुद्दाम बोलावून घेतलं होतं, साथ कशी रोखावी हे सांगायला.

पुढे अनेक दशकं फवारणी, डबकी बुजवणं, रक्ततपासणी असं काम चाललं आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेट हिवतापमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. दोन वर्षांत गेर्व्हेझ नावाचं मोठं चक्रीवादळ आलं. पडझड उभी करायला बाहेरून, हिवताप असलेल्या मुलखांतून कामगार आले आणि त्यांच्या रक्तातून हिवतापही परत आला. १९८२ मध्ये सहाशेहून अधिक रुग्ण सापडले. तो पुन्हा हटवायला १९९७ उजाडलं. डास मात्र अजून तिथेच आहे. त्याला चावायला फक्त एक तापलेला माणूस हवा. तो माणूस विमानाने येतो.

मी ज्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, त्याच्या मागे हे सगळं उभं होतं. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

भाचा क्वात्र बोर्नला राहतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर आरोग्य खात्याचा माणूस आला. पन्नाशीचा, हातात छोटी पेटी. त्याचे पूर्वज बिहारचे असावेत, भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोलला. तुम्ही भारतातून आलात, तुमच्या बोटाचं थेंबभर रक्त घ्यायचं आहे, काचेवर तपासतो, पैसे नाहीत, पाच मिनिटांचं काम.

भाईजानचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून आपल्या बोलीत पुटपुटले, “इतक्या लोकांत आपणच दिसलो का यांना?”

या एका वाक्यात किती काय होतं ते आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. २०२०चा एप्रिल महिना आठवा. तबलिगींच्या बातम्यांनंतर भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकलणारे लोक आठवा. आमच्या भाईजानचं किराणा दुकान आहे. तीस वर्षांची गिऱ्हाइकं त्या महिन्यात रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जात होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं, अशा अर्थाचं स्पष्ट मत नोंदवलं. पण तोवर मनावर जे उमटायचं ते उमटलं होतं. ज्याच्या नावाला एकदा रोग चिकटवला जातो, तो पुढच्या वेळी रोग लपवायला शिकतो. अंगात ताप असला तरी ‘काही नाही’ म्हणतो. दवाखान्यात जायचं टाळतो. भाईजानच्या ‘नाही’चं मूळ पोराच्या खर्चात जेवढं होतं, तेवढंच त्या महिन्यात होतं, असं मला वाटतं.

म्हणूनच इथे एक फरक नीट करायला हवा. तू कोण आहेस, यावरून संशय घेणं वेगळं आणि तू कुठून आलास, यावरून रक्त तपासणं वेगळं. पहिला अन्याय आहे. दुसरी काळजी आहे. त्या माणसाला मी सरळ विचारलं, फक्त भारतीयांचंच रक्त घेता का? तो म्हणाला, हिवताप असलेल्या कुठल्याही देशातून जो येईल त्याचं घेतो. आमचेच लोक भारतातून लग्न उरकून किंवा ऑपरेशन करून परत येतात, त्यांच्याही घरी जातो. शेजारच्या आमदाराला सोडत नाही. त्याने नाव विचारलं ते फक्त कागदावर लिहायला.

आणि घरी येऊन, खुर्चीवर बसून, “माफ करा, टोचेल” असं म्हणून त्याने रक्त घेतलं. ही साधी गोष्ट नाही. कारण याच बेटाने भारतीयांना एके काळी वेगळ्या रीतीने वागवलं आहे. १८५६च्या जानेवारीत कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांची दोन जहाजं आली, त्यात पटकीचा संशय होता. मजुरांना मुख्य बेटावर उतरू न देता गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर सोडून दिलं. डोक्यावर धड छप्पर नाही, पुरेसं पाणी नाही, वर पावसावादळाचे दिवस. दोनशेहून अधिक माणसं तिथे मेली. त्यावरून इतका गदारोळ झाला की भारत सरकारने काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणं थांबवलं. त्या काळातल्या मजुरांच्या जहाजांतून हिंदूही गेले, मुसलमानही. मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठीही गेले, त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. त्याच गॅब्रिएल बेटावर आज पर्यटकांच्या नौका जातात. आम्हीही गेलो. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात फातिहा पढलो.

आपल्या हाजी पूर्वजांनाही हा अनुभव आहे. मुंबईहून जहाजाने निघालेल्या यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर दिवसच्या दिवस थांबवून ठेवलं जाई. जुन्या घरांतून त्या कामरानच्या तक्रारी अजून ऐकायला मिळतात. तेव्हा रोग रोखण्याच्या नावाखाली माणसाची अप्रतिष्ठा होऊ शकते, हे खरंच आहे. पण जिथे यंत्रणा इज्जतीने दारात येते, तिथे आपणही तिला इज्जतीने खरं सांगितलं पाहिजे. नाहीतर तिने पुन्हा कुलूपबंद बेटांकडे वळावं, असं आपणच सुचवतो.

त्या सकाळी तो माणूस पेटी बंद करत होता तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “यांना निघायच्या आधी ताप आला होता. फॉर्ममध्ये आम्ही लिहिलं नाही.”

भाईजाननी माझ्याकडे असं पाहिलं की संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या समोर गेलो नाही. त्या माणसाने मात्र आवाज चढवला नाही. तारीख विचारली, कागदावर लिहिली, फोन नंबर दिला. पुन्हा अंग गरम लागलं तर घरगुती औषध नको, थेट दवाखान्यात जा आणि भारतातून आलो हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, एवढंच म्हणाला.

आपल्यातले काही जण म्हणतील, जे व्हायचं ते अल्लाहच्या मर्जीने होतं, एवढी चिकित्सा कशाला? त्यांना हजरत उमर यांची आठवण करून द्यावीशी वाटते. शामच्या दौऱ्यावर निघाले असताना अमवासच्या प्लेगची बातमी वाटेतच कळली आणि ते सल्लामसलत करून मागे फिरले. अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की एका तकदीरकडून त्याच अल्लाहच्या दुसऱ्या तकदीरकडे जातोय. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण त्या वेळी सांगितली गेली. या शिकवणीचा पहिला भाग आपल्याला नेहमी आठवतो, कारण त्यात आपला जीव वाचतो. दुसरा भाग आपण विसरतो, कारण त्यात इतरांचा जीव वाचतो. तवक्कल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे तर आपण पोरांनाही शिकवतो.

गंमत पाहा, हजला जाताना आपण मेनिंजायटिसची लस मुकाट्याने टोचून घेतो, कार्ड जपून ठेवतो, औषधांची पिशवी लावतो. तिथे हुज्जत नाही. आणि सहलीला निघालो की डॉक्टरला भेटणंही अपशकुन वाटतो. इबादतीच्या प्रवासात शरीर अमानत असतं आणि मौजेच्या प्रवासात नसतं काय?

आता अनुभवातून शिकलेल्या चार कामाच्या गोष्टी सांगतो, कारण आमची फजिती फक्त फॉर्मपुरती नव्हती.

भाईजानना बारा वर्षांपासून साखर आहे. भाभींनी इन्सुलिन मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध नीट गुंडाळून ठेवलं होतं. ती बॅग एक दिवस उशिरा आली. सामानाच्या कप्प्यात कडक थंडीने इन्सुलिन गोठूही शकतं, मग ते बाद. ते नेहमी हातातल्या पिशवीत हवं, सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी. त्या दिवशी भाच्याने धावपळ करून औषध मिळवलं, पण दुकानदाराला आपल्याकडचं कंपनीचं नाव कळेना. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असेल तर जगात कुठेही कळतं. झोपेच्या किंवा जबर दुखण्याच्या गोळ्या कुणी घेत असेल, तर मॉरिशसमध्ये नियम फार कडक आहेत. अशा गोळ्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी, काहींना आगाऊ परवानगी लागते. शेजाऱ्याने दिलेली पट्टी खिशात टाकून जाऊ नका.

दिवसा चावणारा डास वेगळा. त्याच्यामुळे डेंगू आणि चिकुनगुनिया होतो. २००५-०६ मध्ये चिकुनगुनियाने रियुनियन आणि मॉरिशसला झोडपलं, त्याच काळात आपला महाराष्ट्रही सांधे धरून बसला होता. डेंगूची साथ तिथे अगदी अलीकडेही येऊन गेली आहे. तेव्हा मच्छरदाणी रात्रीपुरती ठेवून भागत नाही. सकाळी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं डास पळवणारं मलम हवं. आमच्या बायकांच्या अंगभर कपड्यांचा इथे आपसूक फायदा झाला. हाफ पँटमधला मीच चावे खाजवत बसलो. ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या, पण अॅस्पिरिन किंवा ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. डेंगू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

समुद्र किनाऱ्याशी उथळ आणि शांत दिसतो, कारण बेटाभोवती प्रवाळाचा कडा आहे. तो कडा जिथे तुटतो तिथे पाणी माणसाला आत ओढतं. दक्षिणेला ग्री-ग्रीच्या किनाऱ्यावर असाच कडा नाही. बघायला जावं, पोहायला नाही. पाण्यात अनवाणी चालू नये. स्टोनफिश नावाचा मासा हुबेहूब दगडासारखा पडून असतो, त्याच्या काट्याचं विष भयंकर दुखतं. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. साखर असलेल्या माणसाने तर रबरी चपला घातल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकूच नये. त्याला जखम झालेली कळतही नाही. अॅम्ब्युलन्ससाठी सरकारी सेवेचा नंबर ११४ आहे. तो मोबाईलमध्ये आधीच साठवावा.

सरकारी दवाखाने तिथल्या नागरिकांना मोफत आहेत. आपण पाहुणे आहोत, आपल्याला बिल येऊ शकतं आणि खासगी दवाखान्याचं बिल जड असतं. प्रवासाचा विमा काढताना आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, हे विचारा. भाईजानच्या विम्यात साखर नव्हती, कारण अर्ज भरताना तिथेही त्यांनी ‘आजार नाही’ असंच लिहिलं होतं. लपवलेला आजार विम्याच्या कागदावर नसतो, त्यामुळे गरजेच्या दिवशी पैसेही नसतात.

आणि ज्यांना गेल्या वर्षभरात हिवताप होऊन गेला आहे त्यांच्यासाठी खास. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापाचा जंतू यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. चौथ्या दिवशी बरं वाटलं की आपण त्या बंद करतो. उरलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या कपाटात पडून राहतात आणि जंतू आपल्याबरोबर विमानात बसतो. तो कोर्स पूर्ण करणं हीसुद्धा प्रवासाची तयारी आहे.

एक गोष्ट विसरू नये. मॉरिशसचे लोक हृदयाच्या, किडनीच्या मोठ्या उपचारांसाठी आपल्याकडे भारतात येतात. त्यांच्या आजारी माणसाला आपण आपल्या दवाखान्यात खाट देतो. मग त्यांच्या निरोगी माणसाला आपला आजार न देणं, एवढं तरी आपण करू शकतो.

भाईजानच्या रक्तात काही निघालं नाही. दोन दिवसांनी फोन आला, सगळं ठीक आहे. पण त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. भाच्याच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं, त्यांचं सहा महिन्यांचं बाळ रात्री रडायचं. खिडक्या उघड्या असत. मी त्या आवाजाकडे कान लावून डासांचा विचार करत पडलेलो असे. काही निघालं नाही, यात आमचा काही पराक्रम नव्हता. ती अल्लाहची मेहरबानी होती. गुन्हा मात्र आमचाच होता, निकाल काहीही आला असता तरी.

भाईजान माझ्याशी दुसऱ्या दिवशी बोलले. म्हणाले, “तू माझी इज्जत घालवलीस असं वाटलं होतं. पण तो माणूस जाताना सलाम करून गेला रे.” यापुढे ते फारसं काही बोलले नाहीत. परत येताना विमानतळावर मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गेलो, तर दिली नाही. त्यात इन्सुलिन होतं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता फॉर्म भरायचं काम पोरांकडे किंवा धाकट्या भावाकडे असतं. मोठी माणसं सांगतात आणि आपण टिचक्या मारत जातो. तापाचा रकाना आला की जरा थांबा. मोठ्यांचा मान राखा, पण तिथे खरं लिहा. फार तर काय होईल, निघण्याआधी एक रक्ततपासणी करावी लागेल किंवा तिकीट आठवडाभर पुढे ढकलावं लागेल. ज्या घरी आपण पाहुणे म्हणून जाणार आहोत, त्या घरात एक सहा महिन्यांचं बाळ झोपलेलं असतं.